मंजुळाबाईंच्या नवऱ्याचा ओव्हरकोट

मी एक जुना ओव्हरकोट आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या खेड्यात ओव्हरकोट कशाला, असं तुम्हाला वाटेल. मित्रांनो, मलाही तेच वाटत आलं आहे. इथली थंडी शालीत भागते. मला शिवलं ते इंग्लंडच्या थंडीसाठी. ती मी अजून पाहिलेली नाही.

१९६७ साली पुंजाजी शिंप्याने मला शिवलं. त्याने जन्मात ओव्हरकोट शिवला नव्हता. जाड लोकरी कापड खामगावहून आलं होतं आणि नमुना म्हणून एक फोटो होता. फोटोत एका गोऱ्या तरुणीशेजारी तिचे वडील माझ्यासारखा कोट घालून उभे होते. पुंजाजीने फोटो फिरवून फिरवून पाहिला.

"समोरून त दिसते बाप्पा. मांगून कसा असते हा?"

ते कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून माझी पाठ सदऱ्यासारखी आहे.

फोटोतली तरुणी म्हणजे मार्गारेट. तालुक्यातल्या एका दवाखान्यात ती नर्स होती आणि माझे मालक उत्तमराव तिथेच कंपाउंडर. दोघांनी घरच्या अंगणात लग्न केलं. उत्तमरावांच्या आई मनकर्णाबाई आधी बोलेनाशा झाल्या होत्या. बोलू लागल्या तेव्हा त्यांनी सगळं लग्नच हातात घेतलं. आपल्याकडे सून घरात आली की तिचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरले आणि उत्तमरावांनी अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं: मंजुळा. ते मनकर्णाबाईंच्या आईचं नाव होतं. याहून मोठा मान त्यांच्याकडे द्यायला नव्हता. सुनेलाही नाव आवडलं. गाव तिला मंजुळाबाई म्हणू लागलं.

वर्षभरात तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाल्याची इंग्लंडहून तार आली. ती त्यांची एकुलती एक मुलगी. ती गेली तेव्हा पोटुशी होती. बाळ तिकडेच झालं, मुलगी. वडिलांना सोडून येता येत नाही, तुम्हीच या, असं तिने कळवलं. उत्तमरावांनी पासपोर्ट काढला आणि मला शिवायला टाकलं.

मी घरी आलो त्या दिवशी गल्ली जमली होती. लोकांनी माझी कॉलर चाचपून पाहिली, बटणं मोजली.

"काय बे उत्तम," एक मित्र म्हणाला, "ह्या कोटात बायको वळखन का तुले?"

"बायको वळखन," उत्तमराव म्हणाले. "पोरगी वळखन का, ते सांग."

खामगावचे अर्जुनराव वकील अशा कामातले जाणकार. त्यांनी वाटा सांगितल्या. नोकरीचा परवाना डॉक्टर आणि इंजिनीयर लोकांना मिळत होता, कंपाउंडरला मिळण्यासारखा नव्हता. पाहुणा म्हणून जाता आलं असतं, पण परत येईन असं लिहून द्यावं लागत होतं.

"बायकोकडे चाललो मी, वकीलसाहेब. पाव्हना म्हनून कसा लिहू?"

"मग नवरा म्हणून अर्ज करा. हाच रस्ता सरळ आहे. लग्नाचा पुरावा तेवढा पक्का घ्या."

पुरावा घरातच होता. उत्तमरावांचे चुलते पंजाबराव गावचे सरपंच. त्यांनी सही-शिक्क्यानिशी दाखला दिला.

मुंबईला इंग्रजांच्या कचेरीत उत्तमराव १९६८च्या भर मे महिन्यात मला घालून गेले. तयारी दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. घामाने माझं अस्तर भिजलं. साहेब सभ्य होता. दुभाष्याने दाखला वाचला: उत्तमराव यांचा विवाह सौ. मंजुळाबाई यांच्याशी झाला आहे.

"मंजुळा कोण?" दुभाष्याने साहेबाचा प्रश्न सांगितला.

"माही बायको."

"मग मार्गारेट कोण?"

"तेही माही बायकोच."

दुभाष्याने तेवढंच भाषांतर केलं. पुढचं समजावण्यात बराच वेळ गेला. शेवटी साहेब म्हणाला, दोन्ही नावं एकाच बाईची असतील तर तसं सरपंचाकडून लिहून आणा. ज्याच्या गावी एक बायको आहे त्याला दुसऱ्या बायकोकडे पाठवता येत नाही.

मागणी वाजवी होती. एका ओळीचं काम होतं.

"मार्गारेट नावाची सून माह्या घरात आलीच नाही," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मंजुळा आली. माह्या मायचं नाव देल्लं मी तिले. आता ते पुसाले निंगाला का तू?"

"पुसत नाही ना, आई. दोन्ही नावं लिहा म्हनतात."

"दोन नावं चोरट्याले असतात, बाईले नाही."

पंजाबराव हसले. "तुही माय हो म्हनन त मी लिहून देतो. पन आता नाही. सरपंचाचा दाखला मुंबईहून वापस आला, हे गावात फुटलं त इलेक्शनात माहं काय होईन? इलेक्शन होऊ दे, मंग पाहू."

अर्जुनराव म्हणाले, नुसतं प्रतिज्ञापत्र करता येईल, पण सरपंचाच्या दाखल्यापुढे ते टिकायचं नाही. उत्तमराव घरात भांडले नाहीत. वडीलधाऱ्यांना उलट बोलायचं नाही, अशी त्यांची शिकवण. मी खुंटीवरून पाहत होतो. त्यांनी भांडायला हवं होतं.

दिवाळी झाली. पंजाबराव निवडून आले. मनकर्णाबाईंचा राग संक्रांतीला उतरला आणि १९६९च्या जानेवारीत सही झाली. कागद मुंबईला पोचला त्याच सुमारास इंग्लंडने नियम बदलला. आपल्यासारख्या देशांतल्या नवऱ्यांनी तिथल्या बायकोकडे राहायला यायचं नाही. बायकोनेच नवऱ्याकडे जावं. फारच कठीण परिस्थिती असेल तरच सूट. अंथरुणाला खिळलेला सासरा त्यांना तेवढा कठीण वाटला नाही.

पंजाबरावांनी उत्तर ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "म्हंजे आपल्यासारखंच बोलून राह्यले का ते! बायकोनंच याव." दुसरं कोणी हसलं नाही.

मार्गारेटने आणखी अर्ज केले, वाट पाहिली. १९७२ साली तिने फारकत मागितली. उत्तमरावांनी कागद आला त्याच दिवशी सही करून पाठवला. या घरातली वेळेवर झालेली ती एकच सही. पुढे तिने तिकडे लग्न केलं. १९७४ साली तो नियम उठला. नवऱ्यांना पुन्हा जाता येऊ लागलं. अर्जुनरावांनी पेपरचं कात्रण धाडलं. उत्तमरावांनी ते वाचलं आणि ते दवाखान्यात कामाला गेले. त्यांची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि दुसऱ्याच कोणाला बाबा म्हणत होती.

त्यालाही आता काही वर्षं झाली. मी आता तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात असतो. साहेबाची नक्कल करायची असली की मला मागून नेतात. गेल्या वर्षी तुमच्यातल्या एकाने मला घालून छडी फिरवली तेव्हा सगळे पोट धरून हसलात. उत्तमराव शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूंची निगा राखा, असं सांगायची पद्धत आहे. माझी निगा उत्तम आहे. मनकर्णाबाई दर उन्हाळ्यात मला ऊन दाखवतात, घड्यांमध्ये कडुलिंबाचा पाला घालतात. एक धागा विरलेला नाही. मला त्याचं काही वाटत नाही. मला कसर लागली तरी चालेल. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, घरातल्या कोणाचं जाणं तुमच्या एका सहीवर अडून राहील आणि तुम्हाला आपला मान आठवेल. तेव्हा आधी सही करा. रुसायचं असेल तर तो गेल्यावर रुसा.