अण्णांनी झेंडा वर केला

नरहरी भागवत चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड होते. घरीदारी सगळे त्यांना अण्णा म्हणत. मनमाडहून गाडी घेऊन निघायचं, शेवटच्या डब्यात एकट्यानं बसायचं आणि भूक लागली की जेवणाचा डबा उघडायचा. त्यात चार पोळ्या असल्या तर चार, तीन असल्या तर तीन. धावत्या गाडीत कोणाकडे मागणार? घरी आले की पत्नी इंदिराबाई त्यांच्या ताटावर नजर ठेवून असत. आमटी संपायच्या आत वाटी पुन्हा भरलेली असे. अशा रीतीनं 'आणखी वाढ' हे दोन शब्द अण्णांच्या तोंडात कधी बसलेच नाहीत.

इंदिराबाई गेल्या. दीड वर्षानं, १९८५च्या उन्हाळ्यात, चारुदत्त वडिलांना टेक्ससमध्ये प्लेनोला घेऊन आला. सून मालिनी सुगरण होती. ती सगळ्यांना एकदा वाढायची, "काय हवं ते मागा हं, अण्णा," म्हणायची आणि स्वतः जेवायला बसायची. थोड्या वेळानं विचारायचीही, "भात वाढू?" त्यावर "नको, बास," हे अण्णांच्या तोंडून पोटाला न विचारताच बाहेर पडायचं. मग परत कोण कशाला विचारेल? दोन महिन्यांत अण्णांना पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.

एकदा संध्याकाळी पाणी प्यायला म्हणून ते उठले, तर स्वयंपाकघरातून मालिनीचा आवाज आला. "त्यांना माझ्या हातचं आवडत नाहीये, चारू. तोंडदेखलं जेवतात. मी तरी अजून काय करू?" अण्णा पाणी न पिताच माघारी फिरले. आत जाऊन 'अगं, तसं नाही' म्हणायला हवं होतं. पण मग कसं आहे, ते कुठून सांगायला सुरुवात करायची?

त्या शनिवारी सात वर्षांच्या दीपानं हट्ट धरला, "आजोबांना दोन्या ऑरोराला नेऊ या!" दोन्या ऑरोरा हे हायवेलगतचं जुनं मेक्सिकन बफे रेस्टॉरंट. विटांच्या कमानी, छताला कागदी तोरणं, भिंतीवर रंगवलेलं गाढव आणि बसलं की कुरकुरणाऱ्या जाडजूड लाकडी खुर्च्या. दारातूनच ट्रे घ्यायचा आणि लोखंडी पट्ट्यांवरून सरकवत पुढे जायचं. काचेपलीकडे वाफाळणाऱ्या भांड्यांमागे एप्रन बांधलेल्या बायका उभ्या होत्या.

"बीन्स नका घेऊ, अण्णा, त्यात डुकराची चरबी असते," मालिनी मागून म्हणाली. "चीजवाले एन्चिलाडा चालतील, त्या गुंडाळलेल्या मक्याच्या पोळ्या. आणि तो लाल भात."

टेबलावर मिठाच्या डबीशेजारी एक वीतभर लाकडी खांब होता. त्याला दोरी आणि दोरीला मेक्सिकोचा छोटा झेंडा. दीपानं लगेच दोरीला हात घातला. "आजोबा, लुक! फ्लॅग वर केला की बाई येते. यू गेट मोअर!"

अण्णांनी चष्मा सारखा करून झेंडा निरखला. "हिरवा आणि लाल एकाच झेंड्यात? मग गाडी सोडायची की थांबवायची?"

चारुदत्त इतका हसला की त्याला ठसका लागला. अण्णा मात्र गंभीर होते. "आणि दीपा, ताट भरलेलं असताना झेंडा दाखवायचा नाही. झेंड्याला अर्थ असतो."

दीपानं निमूट दोरी सोडली.

भात मोकळा होता, एन्चिलाडा झणझणीत. तेवढ्यात डोक्यावर चांदीसारखा अंबाडा घातलेली एक वयस्क वेट्रेस आली आणि रुमालानं झाकलेली टोपली ठेवून गेली. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'कोन्सुएलो' असं लिहिलं होतं. रुमाल उघडला तर आत पिठीसाखर भुरभुरलेल्या, टम्म फुगलेल्या चौकोनी पुऱ्या!

"सोपापिया," मालिनी म्हणाली. "कोपरा तोडायचा आणि आत मध सोडायचा."

अण्णांनी कोपरा तोडला. आतून वाफ आली. मध सोडला, घास घेतला आणि डोळे मिटले. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, आणि मध बोटांवरून मनगटाकडे निघालेला. टोपलीत चारच होत्या, माणशी एक. दोन घासांत अण्णांची संपली.

"आणखी मागवू, अण्णा?" मालिनीनं विचारलं.

"नको, बास."

म्हणून झाल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. मालिनीचा चेहरा पडला, परवा स्वयंपाकघरातल्या आवाजावरून कल्पना केली होती अगदी तसा. चिकट हात धुवायला ती दीपाला घेऊन उठली. चारुदत्त आणखी भात आणायला गेला. टेबलाशी अण्णा एकटेच उरले, समोर रिकामी टोपली आणि तो झेंडा.

त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावरचे टोपीवाले आजोबा आपल्या ताटात गुंग होते. अण्णांनी दोन बोटांनी दोरी ओढली. झेंडा सरसर वर गेला. छातीत अशी धडधड त्यांना रात्रीच्या घाटातसुद्धा झाली नव्हती.

"येस, सर?" कोन्सुएलो हजर.

तोंड उघडायची गरजच नव्हती. झेंड्यानं मागून टाकलं होतं. तरी अण्णांनी टोपलीकडे बोट केलं आणि अंगी असलेलं सगळं रेल्वेचं इंग्रजी गोळा केलं. "वन. काइंडली."

"वन?" ती हसली. "हनी, नोबडी ईट्स वन." आणि झेंडा खाली करून सहा घेऊन आली.

पहिली अण्णांनी भीत भीत खाल्ली. दुसरी सावकाश. तिसऱ्या वेळी मध जरा जास्तच पडला, पण आता कोण बघतंय? हात धुण्याच्या खोलीत रांग असावी, आणि चारुदत्तला ओळखीचं कोणीतरी भेटलं होतं. टोपली रिकामी झाली. अण्णांनी पुन्हा दोरी ओढली, या वेळी इकडेतिकडे न बघता.

"आजोबा!"

मालिनी आणि दीपा समोर उभ्या होत्या. झेंडा वर, अण्णांच्या हनुवटीवर मध, मिशीवर पिठीसाखर.

"हाउ मेनी?" दीपानं विचारलं.

"सात," अण्णा म्हणाले. खोटं बोलायची सवय नव्हती.

मालिनी खुर्चीत बसली. तिला हसावं की रडावं कळेना. "अण्णा, मी आत्ता विचारलं तेव्हा नको म्हणालात!"

मग अण्णांनी सांगून टाकलं. रुमालानं हात पुसत, तिच्याकडे न बघता. "मला मागता येत नाही गं. ती ताट बघून वाढायची. पन्नास वर्षांत मागायची वेळच आली नाही. तुझा मसालेभात झाला होता ना गुरुवारी? मला आणखी दोनदा हवा होता. उठून झोपायला गेलो आणि भाताचाच विचार करत पडलो."

"दोनदा?"

"तीनदा. पातेलं तू फ्रिजमध्ये ठेवलंस, ते मी बघत होतो."

मालिनीला हसू आवरेना. हसता हसता तिनं डोळे पुसले. इतक्यात कोन्सुएलो टोपली घेऊन आली. तिनं अण्णांकडे पाहिलं, मग मालिनीकडे. "युवर फादर?"

"येस," मालिनी म्हणाली, "माय फादर." आणि टोपलीतली सगळ्यात फुगलेली सोपापिया उचलून त्यांच्या ताटात वाढली. अण्णांनी लगेच तिचा कोपरा तोडला. चारुदत्त भात घेऊन परतला तेव्हा तिघंही मधात माखलेली होती, आणि काय झालं ते त्याला कोणी धड सांगेना.

परतताना मालिनी गाडी चालवत होती. अण्णा पुढे तिच्याशेजारी, दीपा मागे बापाच्या खांद्यावर पेंगलेली. अण्णांनी घसा खाकरला.

"मालिनी, एक सांगू?"

"सांगा ना, अण्णा."

"चहात साखर कमी असते."

"किती दिवसांपासून?"

"आलो तेव्हापासून."

ती मोठ्यानं हसली आणि त्या हसण्यात घराकडचा एक्झिट चुकला. पुढच्या एक्झिटवरून वळून यायला दहा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात अण्णांनी थालीपीठ, लसणाची चटणी, पिठलं आणि कांद्याची भजी मागून घेतली. घराच्या दारात गाडी थांबली तेव्हा ते साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट नेमकं किती हवं, त्यावर आले होते.