बिनशिक्क्याचं हेल्मेट

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या परदेशातल्या मेहुण्यानं वेल्डिंगचं हेल्मेट पाठवलं आणि त्या दिवसापासून माझं पोट दुखायला लागलं. औषधानं जाणारं दुखणं नव्हे ते.

आमचं बाबांचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे असली कामं. धाकट्याच्या हातात पहिला रॉड मी, त्याच्या ताईनं, दिला, ठिणगी कशी मारायची तेही मीच शिकवलं. पण खोका उघडला तेव्हा बाबांनी हेल्मेट आधी स्वतःच्या डोक्यावर घालून बघितलं, मग त्याच्या डोक्यावर चढवलं आणि चार पावलं मागे सरून बघत राहिले. लग्नाच्या दिवशीसुद्धा त्याचं इतकं कौतुक झालं नव्हतं. माझं हेल्मेट तिथंच खिळ्याला लटकत होतं, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही.

माझ्याची काच कायमची काळी. तिच्यातून काही दिसत नाही, म्हणून आधी रॉड जागेवर धरायचा, मानेला झटका देऊन हेल्मेट तोंडावर पाडायचं आणि मग ठिणगी मारायची. झटके देऊन देऊन संध्याकाळी माझी मान लाकूड होते. धाकट्याची काच एरवी साधी असते आणि ठिणगी पडली की आपोआप काळी होते. मान हलवायची गरजच नाही. माप द्यायला आलेली गिऱ्हाइकं ते हेल्मेट घालून स्वतःचे फोटो काढून घ्यायची. फोटो काढायला मला सांगायची.

"याच्यावर आपल्याकडचा शिक्का नाही," मी पहिल्याच दिवशी म्हटलं. आपल्याकडे विकतात त्या हेल्मेटवर सुरक्षेचा शिक्का लागतो. माझ्याच्या आत तो चांगला ठसठशीत उठवलेला आहे. "हे कुणी तपासलंय का?"

"तिकडची माणसं काय आंधळी झालीत?" बाबा म्हणाले. "शिक्का शिक्का काय लावलंयस? सरळ सांग ना, तुला हवंय."

हवं होतंच.

सोबत एक जाड पुस्तिका आली होती. तिची लिपी घरात कुणाला वाचता येईना, म्हणून ती टेबलाच्या आखूड पायाखाली गेली. हेल्मेट मात्र धाकटा रोज काम झालं की मऊ फडक्यानं पुसायचा आणि खोक्यात निजवायचा. तो बाबांवर गेलाय. आमच्या फ्रीजच्या दारावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, सोफ्यावर बसलं की करकर वाजतं आणि टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो. प्लास्टिक काढलं की वस्तू जुनी झाली, असं बाबांचं ठाम मत आहे.

मग धाकट्याचे डोळे लाल दिसायला लागले. मी म्हटलं, बघत असेल रात्री मोबाइल. खरं सांगायचं तर मला थोडं बरंच वाटलं. पण एका सकाळी भावजय म्हणाली, "ताई, यांना झोपच येत नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणतात. उजेड सहन होत नाही."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. ती वाळू मला चांगली ठाऊक आहे. वेल्डिंगचा उजेड डोळ्यांना लागला की रात्री हेच होतं, आणि रोज लागत राहिला तर एक दिवस नजर जाते.

मी तडक बाबांकडे गेले. "ते हेल्मेट बंद करा. त्याचे डोळे जातायत."

"झालं सुरू," बाबा म्हणाले. "तुझ्या डोळ्यांत खुपतंय ते हेल्मेट, त्याच्या नाही."

धाकटा डोळे चोळत हसला. "ताई, तू घाल ना एकदा. मग तुझा राग जाईल." मला संताप आला. मी जळत होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून माझं खरं बोलणंही जळकं ठरत होतं.

दुपारी तो जेवायला गेल्यावर मी ते घातलं. ठिणगी मारली. पांढरा झोत थेट डोळ्यांत घुसला आणि काच काळी झाली ती त्यानंतर. क्षणाचाच उशीर, पण धाकटा दिवसभर वेल्डिंगचे टाके मारतो आणि प्रत्येक टाक्याला हा क्षण. मी पुन्हा मारून बघितली. पुन्हा. एकदा बघून कळण्यासारखं होतं, पण मला खरं ठरायचं होतं.

मग हेल्मेट उजेडाकडे धरलं. काचेच्या वर दोन बारके काळे ठिपके होते. ठिणगी पडलेली त्यांनाच कळते. त्यांच्यावरून, काचेवरून, सगळीकडून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटलेला होता. धाकट्यानं पुसून पुसून तो धुरकट केला होता. माझ्याही हेल्मेटवर असाच पापुद्रा होता, पण त्यावर आपल्या भाषेत ठळक छापलेलं होतं: वापरण्यापूर्वी काढून टाका. शिक्का हवा तर ते छापावंच लागतं. बाबांनी तेव्हा जिवावर आल्यासारखा काढला होता.

नख कोपऱ्याला लावलं आणि थांबले. पापुद्रा काढला की हेल्मेट झकास चालणार. बाबा जिंकणार, धाकटा जिंकणार, तो मेहुणा तिकडे बसल्या जागी जिंकणार. नाही काढला तर मी खरी. कशाला लपवू, मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

बाहेर नळावर धाकटा डोळ्यांवर पाणी मारत होता. डोळे मिटून हातानं टॉवेल चाचपत होता. टॉवेल त्याच्याच खांद्यावर होता.

मी पापुद्रा ओढून काढला.

"ताई! अगं कोरं होतं ते!" तो दारातून ओरडला. "इतकं बघवत नव्हतं तुला?"

"घाल आणि ठिणगी मार," मी म्हटलं. त्यानं रागारागानं मारली. मग आणखी एक. हेल्मेट वर करून माझ्या हातातल्या पापुद्र्याकडे बघत राहिला. काच आता ठिणगीबरोबरच काळी होत होती.

रात्री माझ्या डोळ्यांत वाळू भरली. सकाळी चहाला बसले तेव्हा मला धड बघवत नव्हतं. धाकट्याला मात्र किती तरी रात्रींनी झोप लागली होती.

"बघा!" बाबा खूश होऊन म्हणाले. "त्याचे निवळले आणि हिचे लाल! म्हणे शिक्का! फेकून दे तुझा तो शिक्क्याचा डबा."

मी कपात बघत राहिले. धाकटा उठला, फ्रीजपाशी गेला आणि दारावरचं प्लास्टिक टराटरा फाडायला लागला.

"अरे, वेडा झालास का?" बाबा किंचाळले.

"बाबा, तिचे डोळे माझ्या हेल्मेटनं लाल झालेत," तो म्हणाला आणि त्यानं सगळं सांगितलं.

बाबांनी फाटलेलं प्लास्टिक उचललं. मग मलाच म्हणाले, "मग आधी नीट सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्हाला फक्त माझी पोटदुखी ऐकू आली."

धाकट्यानं हेल्मेट आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. "आजपासून हे तुझं. डोळे बरे झाले की घाल."

मोठ्या बहिणीनं अशा वेळी नको म्हणायचं असतं. मी ते ओढून मांडीवर घेतलं.