तेजाबाचं पाणी

आपल्या दारातली नाली तुंबली की आपण काय करतो, मंडळी? नाक दाबतो, नगरपंचायतीच्या नावानं बोटं मोडतो आणि हाताला लागेल ते तिच्यात ओततो. वैनगंगेकाठच्या आपल्या एका छोट्या शहरातले नूर मोहम्मद तर तेजाब, म्हणजे ॲसिड, ओतायचे, आणि तेही उपकार केल्याच्या थाटात!

नूरभाई पिढीजात कल्हईवाले. लग्नसराईत तालुकाभरची तांब्यापितळेची भांडी त्यांच्या दुकानात येत. भांडं आधी तेजाबात उजळायचं, मग कल्हई चढवायची आणि उरलेलं तेजाबपाणी नालीत सोडायचं, हा वडिलांपासूनचा रिवाज. त्या पाण्यानं नालीतलं शेवाळ जळून जाई. नूरभाईंमुळं आपली गल्ली साफ राहते, असं शेजारीही म्हणत.

पण आता ही नाली थेट नदीला मिळत नव्हती. शहराबाहेर सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र झालं होतं. ते सांभाळत होती गावातल्या हरिदासभाऊंची मुलगी साक्षी, चंद्रपुरात शिकून आलेली. मात्र केंद्राची टाकी सारखी बिघडायची. पाणी काळं पडायचं, वास असा सुटायचा की उभं राहवत नसे. बंद करा ते आणि सोडा पाणी सरळ नदीत, असं लोक म्हणू लागले होते. पुन्हा एकदा बिघडलं, तर केंद्राला खरंच कुलूप लागणार होतं.

एका सकाळी साक्षी नालीचं पाणी तपासत तपासत वर चालत आली आणि नूरभाईंच्या दुकानापाशी थांबली. ते बादली रिकामी करतच होते.

"चाचा, हे पाणी नालीत काऊन सोडून राह्यले?"

"अवं बेटा, तुयंच काम हलकं करून राह्यलो. तेजाबानं घाण जळते. तुया टाकीत साफ पाणी येते."

मी असतो तर तिथंच भांडलो असतो. साक्षी भांडली नाही. ती म्हणाली, "माह्यासंग चला, तुमाले काई दाखवाचं हाय."

केंद्रावर तिनं टाकीतल्या गाळाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. नूरभाईंनी डोळा लावला. "नुसता कचरा दिसते. हलत बी नाई."

"आता हे पाहा. हा गाळ दुसऱ्या केंद्रातून आणला, विरजण म्हणून."

नूरभाईंनी पुन्हा डोळा लावला, आणि मग तो काढवेचना. थेंबभर पाण्यात केवढी वस्ती! देठावर बसलेले काचेसारखे जीव तोंड उघडत होते, मिटत होते. कुणी गरगर फिरत होतं, कुणी कचऱ्याचा कण ओढून नेत होतं. म्हातारपणी माणसाला नवल वाटायचं थांबतं म्हणतात, पण नूरभाई काच इकडेतिकडे सरकवून आणखी जीव शोधत होते.

"या अल्लाह," ते हळूच म्हणाले, "हे सारे आपल्या घाणीत राह्यते?"

"आपली घाण हेच खातेत, चाचा. यंत्र तं नुसती हवा फुंकते. पाणी साफ करतेत ते हे जीव. खाली घाटावर कलाबाई अन् तिची ढिवर मंडळी जाळं टाकतेत, पेतेत बी तेच पाणी."

"अन् पह्यल्या थेंबातले?"

"तेही असेच होते. तेजाबानं मेले."

नूरभाई स्टुलावर बसले. मग म्हणाले, "मी तं सफाई समजत होतो, बेटा. धंदा बंद करू का?"

"बंद काऊन करता? तेजाबपाणी नालीत सोडू नका, दुकानातच एका टाक्यात जमवा. त्यात चुना टाका, तेजाबाचा जोर मरते. खाली बसलेला गाळ आमी नेऊ, अन् वरचं पाणी मले तपासू देल्याशिवाय सोडू नका."

नूरभाईंनी तसंच केलं. विरजण लागलं, टाकी सुधारली, आणि केंद्रातून नदीकडे स्वच्छ पाणी वाहू लागलं.

काही दिवसांनी शेजारचा बॅटरीवाला जाहिद तेजाबाचा डबा घेऊन नालीकडे निघाला. नूरभाईंनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. खाली जीव हायेत."

"कोणते जीव, चाचा? मले तं काईच दिसत नाई."

"मलेही दिसत नव्हते. चाल, दाखवतो." असं म्हणून त्यांनी भर धंद्याच्या वेळी दुकानाचं शटर ओढलं.

मंडळी, नालीत सोडलेलं पाणी आपल्या डोळ्यांआड होतं, संपत नाही. ते पुढं कुणाच्या तरी जाळ्यात आणि कुणाच्या तरी माठात जातं. म्हणून ओतण्याआधी हात आवरा, आणि शेजाऱ्याचाही धरा.