शुद्ध उच्चार

“वोर्ट नाही बाबा, वर्ट!”

“लिहिताना ‘ओ’ आणि बोलताना गायब? ही काय भाषा झाली!”

मुलगी हसली. तोही हसला, महिन्याभरात पहिल्यांदाच.

बिअरच्या कारखान्यात तो बावीस वर्षं टाक्या धूत होता. धान्याचा गोड काढा म्हणजे वर्ट. त्याच्या तोंडी ते ‘गोड पाणी’. टाकीच्या तळाशी बसतो तो ट्रूब; त्याच्या लेखी नुसता गाळ. आंबताना सुटणाऱ्या वायूला सगळे कामगार ‘वारा’ म्हणत. तेवढ्यावर काम भागत होतं.

महिन्यापूर्वी त्याचा जोडीदार पैलवान टाकीत उतरला आणि जागीच कोसळला. “वायू काढायचा पंखा लावू का?” असं ह्याने सुपरवायझरला विचारलंही होतं. “काल लावलाय, उतरा,” असं उत्तर मिळालं होतं. ते ऐकणारे दोघेच. त्यातला एक गेला. कंपनी म्हणत होती, पैलवान न विचारता उतरला.

चौकशीत पहिल्या दिवशी ह्याने सांगितलं, “साहेब, टाकीत वारा होता.”

“वारा होता, मग माणूस गुदमरला कसा?” कंपनीच्या वकिलांनी विचारलं. खोलीत खसखस पिकली. मागच्या बाकावर पैलवानाची बायको बसली होती. तिने मान खाली घातली. ते ह्याच्या जिव्हारी लागलं.

घरी येऊन त्याने मुलीपुढे कोरी वही टाकली. “मला साहेबांसारखं बोलायला शिकव.”

पंधरा दिवस तो दाढी करताना, जेवताना शब्द घोकत राहिला. बायको म्हणाली, “अहो, माझं नाव तरी कधी इतक्यांदा घेतलंत का?”

पुढच्या तारखेला तो कुठेही अडखळला नाही. फर्मेंटेशन संपलं होतं, तळाशी ट्रूब होता, त्यावर कार्बन डायऑक्साइड साठला होता, व्हेंटिलेशन झालंच नव्हतं, आणि तरी सुपरवायझरनेच उतरायला सांगितलं होतं. या वेळी कुणी हसलं नाही.

वकील सावकाश उठले. “ट्रूब. सुरेख उच्चार. कुणी शिकवला?”

“माझ्या मुलीने,” तो ताठ मानेने म्हणाला.

“मागच्या खेपेला तुम्ही ‘वारा’ म्हणालात. पंधरा दिवसांत एवढी प्रगती? मग बाकीचंही कुणीतरी शिकवलं असेल.”

“शब्द शिकलो साहेब. घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.”

चौकशी अधिकाऱ्यांनी कागदावरची नजर उचलली नाही. लेखनिकाला म्हणाले, “लिहा. साक्षीदार पढवलेला वाटतो.”

आठवड्याने निकाल लागला. पैलवान स्वतःच्या चुकीने मेला होता.

त्या दिवशी पाळी सुटल्यावर तो बाहेर आला, तर गेटपाशी पैलवानाची बायको उभी होती. तिच्या हातात कारखान्याने परत केलेलं नवऱ्याचं सामान होतं. पिशवीतून तिने गमबूट काढले.

“भावजी, घरात हे घालणारं कुणी नाही. तुम्हाला होतात का बघा.”

“वहिनी, मी त्या दिवशी...”

“बघा तर खरं.”

तो फुटपाथच्या कडेला बसला. चपला काढून त्याने बूट चढवले. पुढे दोन बोटं जागा उरली.

“बरोबर बसले,” तो उठून म्हणाला, आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत तसाच उभा राहिला.