कानात सांगितलेलं

माझ्या सासूवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता, आणि तिचा माझ्यावर. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी भोळी समजायला नको.

मी तान घराण्यात लग्न होऊन आले तेव्हा चुआनचौ या बंदराच्या शहरातली कत्तल होऊन नऊ वर्षं झाली होती. परदेशी शिपायांनी बंड करून दहा वर्षं शहर धरून ठेवलं होतं. ते हरले आणि मग ज्याचं नाक उंच, डोळे खोल, तो दिसेल तिथे कापला गेला. माझा एक मामा चहा विकायला शहरात गेला होता, तो नुसत्या नाकापायी मेला. सात पिढ्या डोंगरात चहा पिकवणारा माणूस! मिरी आणि धूप घेऊन येणारी मोठी गलबतं बंद झाली, नवा राजा गादीवर बसला, तरी किनाऱ्यावरचे लोक एकमेकांच्या नाकाकडेच बघत.

तान मंडळी शहर सोडून खाडीकाठच्या गावात आली होती आणि कालवं काढून पोट भरत होती. माझा नवरा किएन कष्टाळू होता, अबोल. नाक जरा उंच होतं, पण आडनाव आपल्यातलं होतं आणि माझ्या बापाला पाच मुली उजवायच्या होत्या. तो नाकं मोजत बसला नाही.

घरात पाऊल टाकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. सासू पहाटे उठून हात कोपरापर्यंत धुवायची, मग तोंड, मग पाय, आणि खोलीचं दार आतून लावून घ्यायची. वर्षातला एक महिना तिला दिवसा भूक नसायची, सूर्य बुडाला की मात्र दोन वाडगे भात संपायचा. पूर्वजांच्या पुण्यतिथीला त्यांच्या नावाच्या पाट्यांपुढे मासा, बदक, तांदळाचे गोड वडे, चहा, सगळं मांडायचे, फक्त डुकराचं मांस नाही. आमच्या डोंगरात त्याच्याशिवाय पूर्वज जेवायला येत नाहीत. किएनला विचारलं तर म्हणाला, आजोबांचा नवस होता. सासूला विचारलं तर म्हणाली, आजोबांना ते पचत नसे. एकाच आजोबांच्या दोन गोष्टी. खोटं बोलायचं तर आधी ठरवून तरी घ्यावं माणसानं.

आता तुम्हाला वाटेल, बाईला एवढंही कळलं नाही? नाही कळलं. परदेशी म्हणजे नाक, एवढंच आम्हा डोंगरातल्या लोकांना ठाऊक. त्यांचा देव कोण आणि ते काय खात नाहीत, हे बंदरातल्या लोकांना माहीत. माझ्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. मला वाटलं, बाई करणी करते.

मुलगा झाला तेव्हा माझी खात्री पटली. खोलीत आम्ही तिघंच, मी, सासू आणि ते नुकतं जन्मलेलं बाळ. मी हात पुढे केले, पण तिनं त्याला आधी खिडकीपाशी नेलं, त्याच्या उजव्या कानाला ओठ लावले आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटली. शब्द आपले नव्हते. लांबट होते, एकाला एक जोडलेले. मी विचारलं, काय सांगितलंत.

"काही नाही. झोप," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी बाळाला ताप आला. तो तीन दिवस उतरला नाही, आणि त्या तीन दिवसांत मी सासूच्या हातचं पाणीही बाळाच्या ओठाला लागू दिलं नाही.

ताप उतरला, भीती उतरली नाही. बाळंतिणीचा महिना संपून मी पुन्हा चिखलात कालवं काढायला जाऊ लागले, तेव्हा मी कुएइकाकूंपाशी मन मोकळं केलं. काकू म्हणजे गावच्या मुखियाची बहीण, तोंडात तीळ भिजायचा नाही. मला ते माहीत होतं आणि तरी मी सांगितलं. कदाचित म्हणूनच सांगितलं. सासूला कुणीतरी दरडावावं असं मला वाटत होतं. काकूंचा शिंपला फोडणारा हात थांबला. त्यांनी विचारलं, कुठल्या कानात? मग विचारलं, घरात डुकराचं मांस शिजतं का? मी सगळं सांगितलं, वर हात धुण्याचंही.

त्यानंतर दहाव्या दिवशी आजेसासऱ्यांची पुण्यतिथी होती. मुखिया लिऊ न बोलावता आले. मागे दोन माणसं उभी होती, लाठ्या घेऊन. मुखियांच्या हातात केळीच्या पानात बांधलेलं पुडकं होतं. त्यांनी ते पूर्वजांपुढे उलगडलं. डुकराच्या पोटाचं मांस, शिजवलेलं, बोटभर चरबीचं.

"तुमच्या वाडवडिलांसाठी आणलं," ते म्हणाले. "त्यांचं झालं की आपण सगळे मिळून खाऊ."

किएनकडे पाहिलं तर त्याचे हात पूर्वजांच्या पाट्यांकडे जाता जाता मधेच थांबले होते. त्या हातांकडे बघताना मला कळलं. करणी नव्हती. शहरात ज्यांना कापलं त्या परदेशी लोकांतलंच हे घर आहे हे मला कळलं, आणि मी काय करून बसले तेही. बाळ माझ्या मांडीवर होतं, बापासारखे खोल डोळे उघडून माझ्याकडे बघत.

उदबत्ती जळून संपली. मग मुखिया हसून सासूला म्हणाले, "नातवाच्या उजव्या कानात काय सांगितलंत म्हणे, आजी? आम्हालाही सांगा."

सासूनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. अगदी थोडा वेळ. खोलीत तिघंच होतो आणि त्यातल्या एकाला अजून बोलता येत नव्हतं.

"दीर्घायुषी हो म्हटलं. आजी आणखी काय सांगणार?" ती म्हणाली. मग तिनं जेवायच्या काड्या उचलल्या, सगळ्यांत मोठा, सगळ्यांत चरबीचा तुकडा निवडला आणि खाल्ला. मुखिया तिच्या गळ्याकडे बघत होते. घास खाली गेला. तिनं दुसरा घेतला. "मीठ जरा कमी पडलंय. किएन, तू घे," ती म्हणाली. किएननं घेतला.

मुखिया चहा पिऊन गेले. मी तिच्या पायाशी बसले, रडले, चुकलं म्हणाले. तिनं माझ्याकडून रिकामी ताटली घेतली आणि धुतली, हात मनगटापर्यंतच ओले करून.

दुसऱ्या पहाटे मी पाण्याच्या आवाजाची वाट बघत पडून राहिले. आवाज आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. मी मुद्दाम डुकराचं मांस टाळायचे, तर ती मागून घ्यायची. मी म्हणायचे, आई, आता कुणी बघत नाही. ती म्हणायची, "तू आहेस ना." आणि माझ्या देखत खायची.

तीन वर्षांनी मुलगी झाली. मी बाळ तिच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "आई, हिच्या कानात सांगा ना. मी कुणाला बोलणार नाही."

"काय सांगू? मी कुणाच्या कानात काय सांगितलं होतं?" तिनं विचारलं. मुलीला तिनं छान आंघोळ घातली आणि माझ्या कुशीत दिली. किएनला ते शब्द येत नव्हते. शिकायच्या वयात तो पळत होता, लपत होता.

तिला जाऊन आता अठरा वर्षं झाली. तिच्या पाटीपुढे मी मासा ठेवते, बदक ठेवते, दुसरं ठेवत नाही.

परवा माझ्या मुलाला मुलगा झाला. मी बाळाचं अंग पुसलं, त्याला खिडकीपाशी नेलं आणि त्याच्या उजव्या कानाला ओठ लावले. ते शब्द मी एकदा ऐकले होते, हाताच्या अंतरावरून. पण तेव्हा मी घाबरत होते, ऐकत नव्हते. एकही आठवला नाही. तरी मी ओठ बराच वेळ तिथेच ठेवले.

खाटेवरून सूनबाईनं विचारलं, "आई, काय सांगितलंत?"

"काही नाही. झोप," मी म्हणाले.

ती झोपली नाही. माझ्याकडे बघत राहिली.