निचराबाबांचं पाणी

निचराबाबांच्या खोलीपासून खाली रस्त्यापर्यंत रांग लागली होती. जो तो लेकरू कडेवर घेऊन आलेला. आत टेबलावर प्लास्टिकचा टब, त्यात कोमट मिठाचं पाणी आणि पाण्यात वायर लावलेलं एक डबडं. बाबा बाळाचे पाय पाण्यात धरायला सांगत, बटण दाबत आणि डोळे मिटून बोलू लागत.

"लशीचं विष सूक्ष्म असतं. ते तळपायांतून निचरतं. घाबरू नका, त्याला वाट दिसली आहे!"

विषाला वाट दिसली म्हणे! मला तर फक्त बाबांचा गल्ला दिसत होता.

पण पाणी खरंच बदललं. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळपट. दादाच्या लेकीचे, छकुलीचे, इवलेसे पाय त्यात दिसेनासे झाले. आदल्या दिवशी तिला लस दिली होती, रात्री ताप चढला होता आणि दादाला तिचं रडणं सहन झालं नव्हतं.

"बघितलंस? केवढी घाण निघाली!" दादा माझ्या कानात म्हणाला.

"दादा, तिला सकाळीच अंघोळ घातलीय."

"तू गप्प बस."

आमची लॉण्ड्री आहे. पाणी काळं झालं म्हणजे मळ निघाला, हा आमच्या घरचा पहिला धडा. दुसऱ्या कुठल्या थापेला दादा भुलला नसता, या थापेला बरोबर भुलला. "आता पुन्हा सुई नको," असं बाबांनी बजावलं आणि गोवराच्या लशीची तारीख आली तशी गेली. वहिनी खूप भांडली, पण दादा हटला नाही.

मग छकुलीला गोवर आला. अंगभर पुरळ, लाल डोळे, आणि धाप इतकी की हॉस्पिटल गाठावं लागलं.

"लस दिली होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गोवराची नाही. आधीच्या दिल्या होत्या, त्या..." दादा खाली बघत म्हणाला, "त्या काढून घेतल्या."

सगळं ऐकून त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर दादाला सोपं गेलं असतं. "लस काढता येत नाही हो," त्या म्हणाल्या. "ती शरीराला रोग ओळखायला शिकवते. शिकलेलं पायांतून कसं गळेल?"

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याबरोबर बाबांकडे आल्या.

"यंत्र सुरू करा. पाय मात्र कुणाचेच नकोत."

"रिकाम्या पाण्यात ऊर्जा जागत नाही!"

"मग पाणी स्वच्छच राहील. बघू तरी."

"हो, बघू तरी!" रांगेतूनही आवाज आला. बाबा हात चोळत राहिले, तेव्हा दादानेच बटण दाबलं. पाणी पिवळं झालं, तपकिरी झालं, काळपट झालं.

"हे... हे खोलीतलं विष आहे," बाबा म्हणाले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

दादाने यंत्र बंद करून डबडं उघडलं. आत लोखंडाच्या दोन झिजलेल्या पट्ट्या होत्या. त्याने पाणी बोटांवर चोळलं. "गंज आहे हा. असे डाग मी रोज काढतो."

"मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड गंजणारच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाय असोत, नसोत."

"म्हणजे सुईने काहीच होत नाही?" एका आईने विचारलं.

"होतं ना. ताप येतो, हात दुखतो, एक-दोन दिवसांत उतरतं. क्वचित एखाद्याला जोराची ॲलर्जी येते, म्हणूनच लस दिल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतो. पण गोवर याहून कितीतरी वाईट."

"किती वाईट, ते मला विचारा," दादा म्हणाला.

कुणी तुमच्या लेकरातून विष काढून दाखवलं, तर लेकरू बाजूला ठेवा आणि तेच लेकराशिवाय करून दाखवायला सांगा. लशीची शंका असेल तर डॉक्टरला खोदून खोदून विचारा. दादाने विचारलं नाही. एवढंच करायचं राहिलं.

छकुलीची धाप आता कमी आहे. गोवरात तिचा डावा कान पिकला, त्याने ऐकू येईल की नाही हे अजून सांगता येत नाही. दादा रोज तिच्या डाव्या बाजूला बसतो आणि हळूच हाक मारतो. ती वळली की नाही, हे तो आम्हाला सांगत नाही.