पेवात उतरलेला कंदील

मी एक जुना कंदील आहे, मित्रांनो. काच एका बाजूनं तडकलेली, कडी तारेनं बांधलेली. माझ्या रूपावर जाऊ नका. ऐकायला बसलाच आहात, तर नीट बसा. मला चुळबुळ खपत नाही.

जळगाव जामोदच्या बाजारातून इंद्रभाननं मला विकत आणलं. सोनाळ्याकडच्या त्याच्या गावापर्यंत बैलगाडीत धक्केच धक्के. काच फुटू नये म्हणून त्याच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, मला सगळी वाट मांडीवर धरलं होतं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती राखेनं माझी काच पुसायची. गोठ्यात, खळ्यावर, आजाऱ्याच्या उशाशी, कुठं कुठं म्हणून मी जळलो नाही! पुढं बूड गळू लागलं, तेव्हा शेजारच्या कादरभाऊंनी डाग देऊन ते बुजवलं. कादरभाऊ पत्र्याचं काम करायचे, आणि हात मोठा हलका होता त्यांचा.

पण माझं खरं काम वेगळंच होतं. गावाच्या उंच अंगाला इंद्रभानचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. तोंड विहिरीसारखं, पण माणूस जेमतेम जाईल एवढं अरुंद. खाली मात्र ऐसपैस पोट. त्यात ज्वारी भरायची, वर शिळा ठेवून मातीनं लिंपायचं. पेव उघडलं, की आमच्याकडं कोणी लगेच आत उतरत नाही. कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग दोरीला बांधून आधी मला सोडायचं. मी जळत राहिलो, तरच माणूस उतरणार. दरवर्षी मी जळत खाली जायचो आणि ज्वारीची धूळ माखून वर यायचो. त्याचं कोणाला काही कौतुक नव्हतं.

एकदा कापूस विकायला इंद्रभान चिखलीला गेला आणि येताना बॅटरी घेऊन आला. खटका दाबला, की लख्ख उजेड! तेल नको, वात नको, काडी नको. सारं गाव ती पाहायला लोटलं. माझी रवानगी गोठ्यातल्या खुंटीवर झाली आणि काचेत कोळ्यानं घर केलं. हे बोलून दाखवू नये, पण मला फार वाईट वाटलं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. त्या साली पौषात मावठ्यानं कहर केला. मावठं म्हणजे हिवाळ्यातला पाऊस. एरवी येतो, शिंतोडे उडवतो आणि जातो. हा मात्र मुक्कामालाच आला. दिवसरात्र धो धो, मधेच गारा. झाडावरचा कापूस काळा पडला, हरभऱ्याचा फुलोरा झडला, खळ्यावरच्या कणसांना कोंब फुटले. थंडीनं शेळ्या आखडून मेल्या. घराघरांच्या मातीच्या भिंती बसू लागल्या. आता इंद्रभानच्या घराला आसरा होता तो पेवातल्या जुन्या ज्वारीचा. तीच वर्षाची भाकर आणि तेच पुढचं बियाणं.

आणि एका सकाळी कादरभाऊ पळत आले. पेवाचं लिंपण फुटून पाणी आत झिरपत होतं आणि आंबूस वास सुटला होता. दोघांनी जाऊन शिळा सरकवली. इंद्रभाननं कमरेला दोरी बांधली.

"भाऊ, हवा तं जाऊ दे जरा," कादरभाऊ म्हणाले.

"हवा जाईपर्यंत पाणी शिरते ना बे!" इंद्रभाननं बॅटरीचा झोत आत टाकला. "हे पाय, बुडापर्यंत लख्ख दिसून राह्यलं. काई नाई खाली!"

तेवढ्यात डोक्यावर पोतं घेऊन मंजुळाबाई चिखलातून धावत आली. तिच्या हातात मी होतो! कोळ्याचं घर पुसलेलं, तेल भरलेलं.

"आधी हा जाईन, मंग तुमी," ती म्हणाली.

"अवं, बॅटरी हाय ना!"

"तिले जीव नाई. याले हाय."

खरंच बोलली ती. बॅटरी कशाही हवेत जळते. माझी ज्योत मात्र तुमच्यासारखीच चांगल्या हवेवर जगते. इंद्रभानचा एक पाय पेवात होता. तो चिडून म्हणाला, "सोड मंग लवकर!"

मी खाली निघालो. गरम, आंबट वाफ अंगावर आली. ज्योत आखडली, बारीक झाली आणि मी विझलो. वारा नव्हता, तेल भरपूर होतं, दोरी अजून अर्धीही सुटली नव्हती.

"वाऱ्यानं गेला असन," इंद्रभान पुटपुटला. मंजुळाबाईनं मला पुन्हा पेटवून सोडलं. मी पुन्हा तिथंच विझलो.

इंद्रभाननं आत घातलेला पाय हळूच बाहेर काढला आणि तो चिखलात मटकन बसला. त्याच्या हातातली बॅटरी तशीच जळत होती. कादरभाऊ एवढंच म्हणाले, "या अल्ला!"

मग पेवाभोवती मातीचा बांध घातला. चार बल्ल्या रोवून वर ताडपत्री ताणली. ओली घोंगडी दोरीला बांधून दिवसभर आत-बाहेर हेलकावली, म्हणजे खालची हवा हलावी. मंजुळाबाई काडीपेटी ओटीत जपून मला पुन्हा पुन्हा पेटवत होती आणि मी पुन्हा पुन्हा विझत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र मी थेट बुडाला टेकलो आणि जळत राहिलो. एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता! मग इंद्रभान उतरला. बुडाची आणि कडेची ज्वारी सडली होती, मधली मात्र हाती लागली. घर तरलं.

मित्रांनो, मावठं सांगून येत नाही. धान्य उंच जागी ठेवा, पेवाचं तोंड पावसाळा सरला तरी लिंपलेलं ठेवा, आणि घाई कितीही असो, आधी कंदील सोडा. जुन्या वस्तूला अडगळ म्हणण्याआधी ती कशाला होती, एवढं तरी घरच्यांना विचारा.

आता गावात वीज आली. मी पुन्हा खुंटीवर आहे, पण गोठ्यात नाही, चुलीजवळ. दर पौषात मंजुळाबाई काच पुसते, वात कापते, तेल भरते. परवा इंद्रभान तिला म्हणाला, "अवं, घरात बल्ब जळते. मंग याच्यात तेल काऊन घालतं?"

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "हे इचाराले तुमी हाय ना घरात, म्हणून."